श्रीराम प्रसन्न यांना आलेला फोन

आमच्या जांबेत कागद कोरा सुरू होत नाही. लग्नपत्रिका असो, दुकानाचं बिल असो की परीक्षेचा पेपर, वरच्या कडेला मधोमध आधी रामाचं नाव. समर्थांचं गाव, त्यामुळं हात आपोआप तिकडंच जातो. नोकरीचा बायोडाटा तसा लिहू नये, असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा चुलत भाऊ. तो थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. कृषी पदविका दोघांनी सोबत केली आणि रिकामेही सोबतच बसलो. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीला आमच्या तालुक्यासाठी एक माणूस पाहिजे होता. बियाण्यांचे प्लॉट बघायचे, दुकानदारांना भेटायचं, फिरायला कंपनीची मोटारसायकल. मला पगारापेक्षा त्या मोटारसायकलचंच वेड जास्त होतं. पण अर्ज कागदावर घेत नव्हते. वेबसाइटवर टाकायचा, आणि पहिली चाळणी संगणकच लावणार.

जीपनं घनसावंगीच्या नेट कॅफेत गेलो. टायपिंग मला येत होतं, दादाला नाही. म्हणून दोघांचे बायोडाटे मीच करायला बसलो. तो पाठीमागं उभा.

"वर रामाचं नाव टाक आधी. जाड अक्षरात."

"इंग्रजीत टाकावं लागंल, दादा."

"टाक ना मंग. रामाला काय इंग्रजी येत न्हाई?"

दोन्ही पानांवर 'श्रीराम प्रसन्न' टाकलं, खाली आपापली नावं. फोन नंबर मात्र एकच, काकांच्या म्हणजे दादाच्या घरचा. आमच्या घरी फोन नव्हता.

दादा चहा सांगायला बाहेर गेला तसा कॅफेवाला माझ्याकडं झुकला. "असं पाठवून काही उपयोग न्हाई बघा. तिकडं आधी माणूस वाचतच न्हाई, मशीन वाचतंय. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे पायजेत. न्हाई सापडले की बाद."

"पान तर भरलं. घालू कुठं?"

"तळाला घाला, अन् अक्षराचा रंग पांढरा करा. कागदावर दिसत न्हाई, मशीनला बराबर दिसतंय."

मी माझ्या पानावर घातले. तोवर दादा चहा घेऊन आला. मग त्याचं पान उघडलं. तेच शब्द उचलून तिथं ठेवायचे, एवढंच काम होतं. मी चहाचा घोट घेतला आणि त्याचं पान तसंच पाठवून दिलं.

निघताना दादानं दोन्ही छापील कागद उजेडात एकमेकांवर धरून बघितले. "बिलकुल जुळे दिसून राह्यले," म्हणाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकांच्या घरी माझी चक्कर. फोन आल्ता का?

"आल्यावर सांगन की, लेका. दोघांचा नंबर एकच हाय," दादा म्हणायचा. मग एका संध्याकाळी तो नुसतं "न्हाई" म्हणाला आणि बैल सोडायला गेला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

वाट बघून शेवटी मीच जालन्याला गेलो. कंपनीच्या कचेरीतल्या बाईंनी माझं नाव टाकून शोधलं. या नावाचा अर्जच नाही, म्हणाल्या. मी काकांचा फोन नंबर दिला, तर त्यांना हसू आवरेना.

"तुमच्या घरात दोन-दोन श्रीराम प्रसन्न आहेत का हो? मशीन पहिल्या ओळीला नाव समजतं." मग जन्मतारीख विचारली आणि हसायच्या थांबल्या. "तुमची तर निवड झाली होती मुलाखतीला. मीच फोन केला होता."

"कुणी उचलला?"

"कुणी तरुण होता. श्रीराम प्रसन्न आहेत का विचारलं, तर पोट धरून हसला. म्हणाला, ते दोघांच्याही कागदावर आहे, जन्मतारीख सांगा. सांगितली. म्हणाला, थांबा, शेतातनं बोलावतो त्याला. मग विचारलं, दुसऱ्या अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, तो चाळणीतच अडकला, जाहिरातीतले शब्द नाहीत त्यात. याच्यात तळाला सगळे आहेत. त्यावर म्हणाला, तळाला तर कागद कोरा आहे. मी म्हटलं, मशीनला दिसतात. मग म्हणाला, या नावाचं इथं कुणी राहत नाही. आता ती जागा भरली हो."

परतताना जीपमध्ये अंगाची नुसती आग होत होती. दादा ओट्यावर बसला होता.

"कुठं गेल्तास?"

"जालन्याला."

त्यानं मान वर केली. "मंग?"

"जागा भरली म्हणे."

"असू दे," तो म्हणाला. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून मी थांबलो. तोही बहुधा त्याचसाठी थांबला होता.

मी मात्र पुढं सगळीकडं बोललो. घरात, भावकीत, सोयऱ्यांत. यानं मला आलेला फोन परतवला, माझी नोकरी घालवली. लोकांना पटलं, कारण ते खरंच होतं. काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पारावरची पोरं त्याला बघून कानाला मूठ लावायची, "हॅलो, इथं कुणी राहत न्हाई!" तो ऐकून पुढं जायचा. पांढऱ्या अक्षरांचं त्यानं एकदा जरी सांगितलं असतं, तरी माझं तोंड बंद झालं असतं. त्यानं सांगितलं नाही, आणि माझी गोष्ट नेहमी फोनपासूनच सुरू होत राहिली. चहाच्या वेळचं आज पहिल्यांदा लिहितोय. राग अजून गेलेला नाही, तो फोन माझा होता. पण तो फोन यायच्या आधी काय झालं होतं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

माझ्या लग्नात तो न बोलावता आला. पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढत होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरदेवाचा फोन आला तर देशील ना बाबा?" सगळी पंगत हसली. मीही हसलो. दादा माझ्या ताटासमोर थांबला, पळी बादलीत धरूनच.

"वाढू का?"

"वाढ," मी म्हणालो.