परत-सांगा डॉक्टर

मी एकदा आमच्या डॉक्टरांचं मराठी सुधारलं. त्यात माझी आई जायची वेळ आली होती.

डॉक्टरांचं मराठी बिघडलेलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही. ते माझे कळण्याचे दिवसच नव्हते. बँकेच्या निबंधस्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून मी कळून घेणं बंद केलं होतं. डोंबिवली पूर्वेला आमची बिल्डिंग, तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना, तिसऱ्या मजल्यावर आई आणि मी. बिल्डिंगच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यवाहही मीच, कारण अहवाल लिहायला दुसरं कोणी तयार नसायचं. डॉक्टर मला नावाने हाक मारत नसत. "काय कार्यवाह?" म्हणत. मला वाटायचं, आदराने म्हणतात.

पाटीवर त्यांचं नाव होतं, डिग्र्या होत्या. पण अख्खा विभाग त्यांना 'परत-सांगा डॉक्टर' म्हणायचा. पेशंटने आपल्याच शब्दांत सांगितल्याशिवाय ते स्टेथोस्कोपला हात लावत नसत. बी.पी., गॅस, अ‍ॅटॅक, टेन्शन यांतला एखादा शब्द आला की चष्मा कपाळावर जायचा आणि हुकूम सुटायचा, "परत सांगा."

एकदा माझ्यासमोर एक मोठे साहेब इंग्रजी मासिक काखेत घेऊन आले. "डॉक्टर, पाल्पिटेशन होतंय."

"परत सांगा."

"पाल्पिटेशन. हार्टचं."

"ते तुमच्या मासिकाला होत असेल. तुम्हाला काय होतंय?"

साहेब तापले, मग घुटमळले, आणि शेवटी शरमून म्हणाले, "छातीत कोंबडं फडफडल्यासारखं होतं हो. मध्येच थांबतं, परत फडफडतं."

"आत्ता आलात तुम्ही दवाखान्यात," डॉक्टर म्हणाले आणि नाडी धरली.

पेशंटच्या बोलण्यावर त्यांचा भलता विश्वास. शेजारच्या चाळीतली एक बाई रडत सांगत होती, "पोरामागे माझं रक्त आटलं हो डॉक्टर." कोणीही समजुतीचे दोन शब्द बोलून बोळवण केली असती. डॉक्टर म्हणाले, "आटलं म्हणताय, तर बघू या आटलंय का," आणि तिला रक्त तपासायला पाठवलं. खरंच आटलं होतं. खाडीकडच्या गावातून मासळी घेऊन येणारी एक म्हातारी एकदा बाकावरूनच ओरडली, "डॉक्टर, छातीन कोनी जालं आवललंय रं!" डॉक्टर तिला तपासताना ते वाक्य पुटपुटत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "ऐकलंत कार्यवाह? जाळं आवळलंय. चारी बाजूंनी. याहून चांगलं मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही."

मला ते जरा अतीच वाटलं. जाळं काय, कोंबडं काय! मी शाळेत कर्णिका, जवनिका, धमनी, केशवाहिनी असं शिकून आलेला माणूस. रक्ताभिसरणाची आकृती मी लाल-निळ्या पेन्सिलीने अशी काढायचो की सर ती वर्गभर फिरवायचे. आणि हे गृहस्थ बाकावरच्या पेशंटांना रक्ताभिसरण शिकवायचे ते बिल्डिंगच्या पंपावरून! "खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत कोण चढवतं? पंप. पाईपात गाळ साचला तर? पंप धापा टाकणार. आणि समजा, पंपाला स्वतःलाच गार ठेवायला पाणी मिळेना, तर? तर पंप जळतो. त्यालाच तुम्ही झटका म्हणता." नळाला पाणी कधी येतं यावर ज्यांचं घड्याळ चालायचं, त्या डोंबिवलीकरांना हे लगेच पटायचं. मला मात्र भाषेची विटंबना वाटायची.

छातीतल्या दुखण्याला लोकांकडे किती शब्द आहेत याचा त्यांना अभिमान होता, जणू ते सगळे त्यांच्या घरचेच. "कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा," ते सांगायचे. "चमक माणूस बोटाने दाखवतो. हृदयाची कळ मुठीने दाखवतो. बोट दिसलं की मी आधी चहा संपवतो. मूठ दिसली की चहा टाकून गाडी बोलावतो."

तर त्या वर्षी गणपतीत मंडळाने हृदयतपासणीचं शिबिर ठरवलं. डॉक्टर म्हणाले, घरोघरी एक पत्रक वाटा. मजकूर त्यांनी मला तोंडी सांगितला: छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला, जबडा ओढल्यासारखा झाला, तर पित्त म्हणून घरात बसू नका. सोडा, ओवा घेऊन वाट बघू नका. लगेच कुणाला तरी हाक मारा.

मी तो मजकूर घरी आणला आणि मला त्याची दया आली. 'कुणी बसल्यासारखं' हे काय वाक्य झालं? कोण बसलं? का बसलं? रविवारची अख्खी दुपार खर्चून मी लिहिलं: 'वक्षस्थळी तीव्र पीडा, अतिस्वेद, वाम बाहूत वेदनेचे संक्रमण व अधोहनूत ताण ही हृद्धमनीच्या अवरोधाची लक्षणे होत. अशा प्रसंगी रुग्णाने विनाविलंब चिकित्सकाचा परामर्श घ्यावा.' सोडा आणि ओवा मी काढूनच टाकले. पत्रकात स्वयंपाकघर कशाला? भोवती वेलबुट्टीची चौकट घातली आणि डॉक्टरांना न दाखवता छापून घेतलं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो बसला. शिबिराच्या सकाळी डॉक्टरांनी पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण कार्यवाह, हे कोणाला दुखतंय?"

मी 'छान आहे' एवढंच घेतलं. ते म्हणाले, दुसरं छापू. मी म्हणालो, वाटून झाली, आता पुढच्या वर्षी. आईने तर एक प्रत आणून ओट्यासमोरच्या भिंतीवर, कालनिर्णयाशेजारी, खळ लावून चिकटवली. मला धन्य वाटलं. इतर घरांत त्या पत्रकांचे डबे झाकायचे कागद झाले होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस. आई ओट्याशी उभी होती ती मोरीच्या कठड्यावर बसली. "पित्त झालंय वाटतं रे," म्हणाली. कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "काल साबुदाण्याची खिचडी खाल्लीस ना, तेच." आणि मी, त्या पत्रकाचा लेखक, पत्रकाखालच्या फळीवरचा ओव्याचा डबा काढून तिच्या तळहातावर ओवा दिला. वर सोडा. डबा काढताना माझं डोकं त्या कागदाला घासलं, हे मला अजून आठवतं.

ती म्हणाली, हात भरून आलाय. मी म्हटलं, काल कपडे पिळलेस. आणि पेपर वाचायला बसलो.

शेजारच्या माने वहिनी विरजण मागायला आल्या म्हणून पुढचं लिहितोय. त्या दारातच थबकल्या. "अहो, काकूंचा चेहरा बघा कसा पांढराफटक पडलाय! पेपर कसला वाचताय?" आणि मी उठेपर्यंत त्या जिना उतरून डॉक्टरांना बोलवायला गेल्यासुद्धा.

डॉक्टर धापा टाकत वर आले, मागोमाग माने साहेबही. मी पुढे होऊन सांगितलं, "अपचन आहे, डॉक्टर. सकाळपासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आईसमोर उकिडवे बसले. "वहिनी, तुम्ही सांगा. काय होतंय?"

आईने आधी भिंतीकडे बघितलं. मग संकोचून, जणू कोणाला उगाच त्रास दिल्यासारखी, म्हणाली, "नाही हो डॉक्टर, त्यात लिहिलंय तसलं काही नाही मला. नुसतं छातीवर कुणी बसल्यासारखं झालंय." आणि मूठ आवळून छातीवर ठेवली.

डॉक्टरांनी एकदाच, अगदी एकदाच, भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मग तिच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि मला म्हणाले, "खुर्ची धरा. एक बाजू तुम्ही, एक बाजू माने. त्यांना पाऊल टाकू द्यायचं नाही."

डॉक्टरांच्या ओळखीचं हृदयाचं इस्पितळ ठाण्याला होतं. माने साहेबांच्या फियाटमध्ये आई मागे आडवी, तिचं मनगट डॉक्टरांच्या हातात, आणि पुढे मी. शीळफाट्याला ट्रकांची रांग लागलेली. माने हॉर्नवर हात ठेवून बसले होते. मी ट्रकवाल्यांना खिडकीतून हात जोडत होतो; दुसरं काही येतच नव्हतं. मागे आई काहीतरी सांगायला लागली, तसे डॉक्टर तिला म्हणाले, "आता काही सांगायचं नाही, वहिनी. मला सगळं ऐकू आलंय." जन्मभर लोकांना 'परत सांगा' म्हणणारा माणूस इतक्या हळू आवाजात गप्प राहायला सांगत होता. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आई वाचली. पण उशीर झाला होता, तो झालाच. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मला त्यांच्या पद्धतीने समजावलं, "पंप चालेल. पण त्याचा एक भाग कोरडा पडला तो पडला. आता तीन जिने त्याला झेपायचे नाहीत." म्हणजे तिचं भजनी मंडळ संपलं, भाजीवाल्याशी घासाघीस संपली, हळदीकुंकू संपलं. टोपली दोरीने खाली सोडायची आणि भाजी वर ओढायची, एवढाच तिचा बाजार राहिला. गणपतीची आरती ती गॅलरीच्या कठड्याला टेकून ऐकायची. खाली माईकवर मी असायचो. वर बघायचं टाळायचो.

डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी दोन दिवस तोंड पाडून तिसऱ्या दिवशी मोकळा झालो असतो. त्यांनी तेवढी सवलत दिली नाही. म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसत जा. बाकावर, पेशंटांत. लिहायचं नाही. ऐकायचं."

मी बसायला लागलो. सुरुवातीला लाजेने, मग सवयीने, मग त्या बोलण्याच्या ओढीने. बाकावर लोक एकमेकांना दुखणी सांगत, ती आत सांगितलेल्या दुखण्यांपेक्षा जास्त खरी असत. कोणाचं काळीज लक्कन हलायचं, कोणाच्या जिवाचं पाणी व्हायचं, कोणाला जिन्यात धाप लागायची, तर कोणाला धाप लागेल या धसक्यानेच दम लागायचा. एक आजोबा म्हणाले, "धडधड मला होते हो, धाकधूक हिला." मी हसलो. डॉक्टर आतून ओरडले, "हसू नका, दोघांनाही आत पाठवा!"

पुढच्या गणपतीला दुसरं पत्रक निघालं. मजकूर डॉक्टरांचाच, ओवा-सोड्यासकट. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, आणि तेही डॉक्टरांनी बाकावर सगळ्यांना वाचून दाखवल्यावर. घरचा जुना कागद मी काढायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे रे, भिंतीचा रंग निघेल." मी तो रंगासकट खरवडून काढला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांना कमी ऐकू येऊ लागलं. यंत्र लावून बघितलं, पटेना. मला म्हणाले, "इतकी वर्षं 'परत सांगा' म्हणायचो ते ऐकू आलेलं असायचं म्हणून. आता खरंच म्हणावं लागतंय. मग कशाला बसायचं त्या खुर्चीत?" दवाखाना बंद करून ते मुलीकडे नाशिकला जायला निघाले. सगळ्या बिल्डिंगला त्यांनी खालीच नमस्कार केला. आईसाठी मात्र तीन जिने चढून वर आले, मध्ये दोनदा थांबत.

आईने चहा ठेवला. दोघं स्वयंपाकघरातच बसली. निघताना डॉक्टर म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं राहिलंय. ते पहिलं पत्रक रोज तुमच्या डोळ्यांसमोर होतं. समजत नव्हतं, तर मला येऊन का नाही विचारलंत? दवाखाना खालीच होता."

मी दाराशी उभा होतो. त्यांना ऐकू यावं म्हणून आईला मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे मलाही ऐकू न आल्याची सोय राहिली नाही.

"ह्यालाच विचारलं होतं एकदा," ती म्हणाली, "अतिस्वेद म्हणजे काय रे, म्हणून. तर असं बघितलंन् माझ्याकडे, की पुन्हा तोंड उघडलं नाही. मग तुम्हाला कसं विचारणार? ह्याच्या कानावर गेलं असतं. खरं सांगू डॉक्टर? ह्याला 'कळलं नाही' म्हणण्यापेक्षा झटका परवडला."