तपासून परत पाठवलेलं पत्र

आमच्या नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे मास्तर म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. बत्तीस वर्षं विंगेत एका मोडक्या स्टुलावर बसून त्यांनी आम्हा नटनट्यांना विसरलेली वाक्यं कुजबुजून दिली, म्हणून कुजबुजे. प्रेक्षकांना त्यांचं तोंड कधी दिसलं नाही. एकदा ऐन तिसऱ्या अंकात माझी वाचाच बसली, तेव्हा त्यांनी पुढचं वाक्य इतक्या हळुवारपणे माझ्याकडे सोडलं की ते मला आपलं आपणच आठवलं असं वाटलं. टाळ्या अर्थातच मी घेतल्या. दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "ते असू द्या. पण बाई, दोन ठिकाणी श्वास भलत्याच जागी घेतलात."

माणूस असा होता. कौतुक करायचं म्हटलं तरी ते चूक दाखवूनच करणार.

त्या स्टुलाखाली इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक असायचं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली बारा पानं गायब. ज्या प्रवेशात कुणी अडखळणार नाही अशी खात्री असे, त्या प्रवेशात मास्तर ते उघडत. शाळा त्यांची सातवीतच सुटलेली, पण नामं, क्रियापदं, काळ, विरामचिन्हं असं सगळं त्यांनी विंगेतल्या मिणमिणत्या दिव्याखाली मुखोद्गत केलं. त्या बारा पानांत काय असेल याची हळहळ त्यांना जन्मभर लागून राहिली. एखादं जवळचं माणूस दुरावल्यासारखे ते त्या पानांबद्दल बोलत.

कंपनी बंद पडली आणि आम्ही पांगलो. मास्तरांनी एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली आणि पोटापाण्याला लागलेल्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. मी त्याच गल्लीच्या टोकाला राहायची. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण वाचून दाखवायला माझा गळा लागे. बत्तीस वर्षं कुजबुजून मास्तरांचा आवाज इतका बारीक झाला होता की तो तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे.

विरामचिन्हं ते श्वासाने शिकवत. स्वल्पविरामाला नाकाने अर्धा श्वास, पूर्णविरामाला खांदे खाली येईपर्यंत पुरा. मी वाचायची आणि अख्खा वर्ग माझ्याबरोबर श्वास घ्यायचा, सोडायचा. लाँड्रीवाल्याने एकदा वर येऊन विचारलं होतं, की व्यायामाचा वर्ग असेल तर त्याच्या पाठीसाठी काही आहे का. वर्गात एक टॅक्सीवाला होता, तो भारी मिस्कील. गिऱ्हाईक मागच्या सीटवरून भांडायला लागलं तर स्वल्पविराम कुठे घेऊ, असं त्याने विचारलं. मास्तर गंभीरपणे म्हणाले, तिथे पूर्णविरामच, आधी गाडी बाजूला घ्यायची.

वह्या मात्र ते तांबड्या शाईने तपासत, आणि अशा तपासत की पानावर मूळची निळी शाई शोधावी लागे. नवख्यांना वाईट वाटे. जुन्यांना ठाऊक होतं की मास्तर ज्याच्यासाठी रात्र घालवतात त्याच्याच पानावर तांबडं जास्त. इस्पितळातली एक नर्स वर्गाला यायची. आपली वही उघडून ती शेजारणीला म्हणायची, "बघ, आज मास्तरांचा जीव माझ्यावर आहे."

मास्तरांची बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी विंगेतच लहानाची मोठी झाली, आमच्या सगळ्यांच्या मांडीवर. पुढे ती लग्न करून परदेशी गेली. जावई दुसऱ्याच भाषेचा, त्यामुळे घरात सगळा कारभार इंग्रजीत. नात झाली, तिलाही तीच एक भाषा. नात नऊ वर्षांची असताना मुलगी आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. मास्तरांचे प्रवासाचे कागद तयार होईपर्यंत सगळं उरकलं होतं. ते गेलेच नाहीत.

आता जगात त्यांचं म्हणावं असं तेवढं एक माणूस उरलं. फोनवर ती पोर "हॅलो, हॅलो" करत राही, मास्तर इकडून जीव तोडून बोलत, पण तिला ऐकूच येत नसे. मग ती फोन बापाकडे देई. राहता राहिला कागद. मास्तरांनी तीन आठवडे खपून तिला एक पत्र लिहिलं, आणि महिन्याभराने तिचं उत्तर आलं.

तीन पानांचं पत्र. वर्ग सुटल्यावर रिकाम्या बाकांपुढे उभी राहून मी ते वाचलं आणि मला अक्षरशः धाप लागली, कारण पोरीने कुठे थांबायची सोयच ठेवली नव्हती. शाळा बदलली आणि मैत्रीण दुसऱ्या गावाला गेली आणि बाबांना स्वयंपाक येत नाही आणि आईचा निळा कोट अजून कपाटात आहे आणि मी आत बसून दार लावून घेते आणि आधी आईचा वास यायचा आता कमी येतो आणि तुमच्याकडे आईचं काही आहे का आणि शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. अशी तीन पानं, एका दमात. मास्तर ऐकताना बोटाने टेबलावर हलकेच ठोके देत होते. मला वाटलं, भरून आलंय त्यांना. ते थांबायच्या जागा मोजत होते.

दोन दिवस ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन आले. पानं तांबडी झाली होती. एक्केचाळीस स्वल्पविराम आणि एकोणीस पूर्णविराम, त्यांनी मला सांगितलं, एखाद्या लेकीला किती दागिने घातले ते सांगावं तसं. सोबत वेगळ्या कागदावर सुरेख अक्षरात सगळे नियम, तिच्याच वाक्यांची उदाहरणं देऊन. खाली लिहिलं होतं: प्रयत्न फार छान आहे. मी ते सगळं हातात घेऊन म्हटलं, "वा मास्तर, केवढी मेहनत घेतलीत." त्यांचा चेहरा उजळला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या वेळी नको म्हणायला दुसरं कुणी तिथे नव्हतं. वही परत करावी तसं त्यांनी तिचं मूळ पत्रच पाकिटात घातलं, आणि टपालपेटीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले.

महिना गेला, दुसरा गेला. मास्तर वर्गाच्या आधी जिन्यावर उभे राहून टपालवाल्याची वाट बघत आणि वर येऊन फळा पुसत, तो स्वच्छ असला तरी. शेवटी जावयाचा फोन आला. भला माणूस होता, शब्द जपून वापरत होता. पोरीने पत्र बघितलं, घडी घातली आणि मला लिहिता येत नाही एवढंच म्हणाली. आता ती लिहायला नको म्हणते.

मास्तरांनी हे मला बाक सरळ करता करता सांगितलं. नर्स लवकर आली होती, तिच्या कानावर पडलं. ती फटकळच. म्हणाली, "मास्तर, पोरीने तुम्हाला वही नव्हती दिली तपासायला."

मास्तर बाकावर बसले. मग मला विचारलं, "बाई, काय होतं हो त्या पत्रात?"

चौदा नाटकं ज्याला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत पाठ, त्या माणसाला तीन पानं आठवेनात. कुठल्या ओळीत काय सुधारलं ते सगळं आठवत होतं. पण पोर म्हणाली काय, ते हाताला लागत नव्हतं. मग मी आठवेल तसं सांगत गेले. मैत्रीण, स्वयंपाक, कोट. तुमच्याकडे आईचं काही आहे का, हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तिथे प्रश्नचिन्ह नव्हतं," ते म्हणाले. "मी घातलं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "उत्तर नाही दिलं."

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून त्यांची ट्रंक उपसली. मुलीच्या शाळेच्या वह्या निघाल्या, निबंध निघाले, वाढदिवसाला बापाला लिहिलेली एक चिठ्ठी निघाली. सगळ्यावर तांबडी शाई. चिठ्ठीवरसुद्धा. मास्तर एकेक कागद बघून बाजूला ठेवत गेले आणि शेवटी म्हणाले, हे पाठवण्यासारखं नाही. मग एका नाटकाच्या जुन्या संहितेत, दुसऱ्या अंकाच्या मोकळ्या समासात, पेन्सिलीने काढलेलं एक चित्र सापडलं: स्टूल, स्टुलावर मोठ्या कानांचा माणूस, त्याच्या पायाशी दोन वेण्यांची मुलगी. विंगेत बसून तिने पाचव्या वर्षी काढलं असणार. संहितेच्या पानाला कुणी दुमड घातली तर मास्तर दोन दिवस बोलत नसत. ते पान त्यांनी पट्टी धरून कापलं. सोबत चिठ्ठी लिहिली की हे तुझ्या आईने काढलं आहे, माझ्याकडे तिचं हेच आहे, आणि तुझं पत्र मी नीट वाचलं नाही याची मला लाज वाटते.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. आखीव कागद, सुबक अक्षर. प्रिय आजोबा, चित्र मिळालं. ते मला आवडलं. मी बरी आहे, आणि अभ्यासही चांगला चालू आहे. आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी. खाली पूर्ण नाव.

मी वाचून दाखवलं. श्वासाच्या सगळ्या जागा बिनचूक होत्या. मास्तरांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि ओळीखालून बोट फिरवत स्वतः पुन्हा वाचलं.

"एकही चूक नाही," ते म्हणाले.

मग ते उठून खिडकीशी गेले आणि कागद उजेडापुढे धरला. खोडरबराने घासून घासून तो तीन ठिकाणी पातळ झाला होता. त्यांनी त्या जागांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, इथे ती काहीतरी बोलली होती. मी चष्मा लावून पुढे झाले, एखादं अक्षर लागतंय का ते बघायला. त्यांनी कागद छातीशी धरला. "वाचू नका, बाई. तिने खोडलंय."

पुढे चार वर्षं, शेवटच्या दुखण्यापर्यंत, ते तिला दर महिन्याला लिहीत राहिले. विंगेतल्या गमती, तिच्या आईचे हट्ट, आईचे पडलेले दुधाचे दात, सगळं. उत्तरं वर्षातून दोनदा यायची, पाच-सहा ओळींची, तशीच स्वच्छ. पत्र आलं की मास्तर ते वाचायच्या आधी खिडकीशी नेऊन धरत, आणि मी बाकावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत राही. शेवटच्या दोन पत्रांत खोडलेलं काहीच नव्हतं.