दौंडची चाकं, शिरूरचा रंग
शनिवारी पहाटे पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलो, तेव्हा आमच्या घरात तह झालेला होता. माझी जुनी विलायती मोटार नगरहून येताना शिरूरला एक चाक तडकून बसली होती, बाकीची तीनही त्याच वाटेवर होती. "रविवारी संध्याकाळपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर पुण्यात आली तर ठेव. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय," असं ह्यांनी जाहीर केलं होतं. ह्यांना मोटार चालवता येत नाही, शिकायचीही नाही. तरी पिशवी धरायला म्हणून सोबत आले, हे त्यातल्या त्यात बरं.

तसल्या मोटारीची नवी चाकं आता कुठली मिळायला! दौंडला एका निवृत्त रेल्वेवाल्या मामांच्या परसात पाच जुनी पडून आहेत, एवढंच कळलं होतं. मामांची सगळी नोकरी फलाटावर थांबलेल्या गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकून आवाज ऐकण्यात गेलेली. चहा पाजून त्यांनी आमचीही पाची चाकं तशीच ठोकली. चार खणखणली. पाचवं त्यांनी बाजूला सारलं.

"ह्ये घिऊ नका, बाई. बद्द वाजतंय. चीर हाय कुठंतरी."

"दिसत तर नाही," हे म्हणाले.

"दिसत न्हाई म्हणून तर सरकारनं माझ्या कानाला पगार दिला!"

चार चाकं एस.टी.च्या टपावर चढवून दुपारी शिरूरला पोचलो. वाटेत भीमा ओलांडली. दोन्ही बाजूंना ऊस इतका हिरवागार, की मी चाकं विसरून बघतच राहिले. हे मात्र प्रत्येक खड्ड्याला टपाकडे बघत होते.

मोटार ज्यांच्या अंगणात उभी होती ते लोहार आबा बैलगाडीच्या चाकांना धाव (लोखंडी पट्टी) चढवण्यात पटाईत. त्यांनी आमच्या चाकांच्या चेपलेल्या कडा भट्टीत तापवून सरळ केल्या, विटेनं आणि रॉकेलनं गंज घासून काढला आणि लालभडक रंगाचा डबा उघडला.

"आबा, काळा नाही का?"

"काळा कशापायी? लेकीबाळीची गाडी. जत्रंला निघाल्यावानी दिसाया पायजे!"

रात्री त्यांच्याच ओसरीवर मुक्काम. आबांच्या घरच्या आजींनी भाकरीबरोबर कढत माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. अहाहा! ह्यांनी तीन वाट्या घेतल्या.

रविवारी दुपारी टायर चढवून निघालो. मी गात होते, खोटं कशाला सांगू! कोरेगाव भीमाजवळ स्टिअरिंग थरथरायला लागलं. उतरून बघते तर पुढच्या चाकाचे नट बोटानं फिरत होते. आबांनी मायेनं दोन हात रंग सगळीकडे फासला होता, नट बसतात त्या जागीसुद्धा. बैलगाडीच्या चाकाला ते खपून जातं. इथं ओला थर नटांखाली चेपला आणि नट सैल झाले.

ऊन उतरलं होतं. आता हे म्हणणार, पुरे झाली हौस. मी रडकुंडीलाच आले होते.

ह्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि रस्त्यावर आडवे होऊन जॅक लावायला लागले. तोही आधी उलटा. मग चाकू घेऊन एकेका नटाखालचा रंग खरवडून काढला, चारही चाकांचा. मी पान्यानं नट आवळत गेले. अंगभर लाल ठिपके घेऊन हे मोटारीत बसले आणि म्हणाले, "हळू चालव."

दिवेलागणीला घरी पोचलो. इतका प्रवास केला, पण नवरा असा कधी पाहिला नव्हता.

सोमवारी सकाळी भंगारवाल्याची हाक आली. मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले, तर हे आधीच फाटकात उभे.

"साहेब, तुम्हीच बोलावलं होतंत ना?"

"बोलावलं होतं," हे म्हणाले. "तेव्हा ती नुसती हिची गाडी होती."