उरुग्वेचा संत्या, टॅलाचा नऊ नंबर

संत्या गेला. तेवीस वर्षांचा होता.

सकाळी त्याच्या बहिणीचा मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. ट्रान्सलेट केला. खरं वाटेना म्हणून परत एकदा केला.

सीझन संपवून उरुग्वेला घरी गेला होता. गावाबाहेरच्या रस्त्यावर मोटारसायकलचा अपघात. बस, एवढंच.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बहुतेकांना तो कोण हे माहीत नसणार. म्हणून लिहितेय.

खरं नाव सांतियागो. डब्लिनमधल्या एका छोट्या क्लबचा सेंटर फॉरवर्ड. टॅला या डब्लिनच्या उपनगरात, आमच्या शेजारच्या घरात क्लबने त्याला खोली घेऊन दिली होती. त्याचा ‘संत्या’ केला तो माझ्या पप्पांनी.

पप्पा कोल्हापूरचे. तरुणपणी पेठेच्या टीमकडून लेफ्ट विंगला खेळलेले. २०२० च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. मी दिवसभर लॅपटॉपसमोर, पप्पा दिवसभर किचनच्या खिडकीत.

खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं. तिथे संत्या दोन जॅकेटं टाकून गोलपोस्ट करायचा आणि एकटाच शूट मारत राहायचा.

लीग बंद पडण्याआधी तो चार मॅच खेळला होता. गोल शून्य. कॉमेंटेटर म्हणाला होता, ‘युअर मॅन’ला, म्हणजे या गड्याला, गोलचीच भीती वाटते.

मॅनेजरने त्याला सरळ सांगून टाकलं होतं. करार एका वर्षाचा. गोल झाले नाहीत तर नोव्हेंबरमध्ये घरी.

घरी म्हणजे मामाच्या टायरच्या दुकानात. हे त्याने मला कुंपणापलीकडून मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. एरवी कशालाही त्याचं एकच उत्तर, इथल्या लोकांचं "ग्रँड", म्हणजे मस्त, ठीक. थंडी? ग्रँड. गुडघा सुजलाय? ग्रँड.

तीन दिवस बघून झाल्यावर पप्पा म्हणाले, "पोरात दम हाय. पण मारताना मान खाली घालतंय. कीपर कुठं हाय ते बघतच न्हाई."

"पप्पा, तो प्रोफेशनल आहे."

"मग? मान खालीच हाय की."

आणि कानटोपी चढवून निघालेच. मी कॉलवर होते, अडवणार कशी?

दोन जॅकेटांच्या मागे लांब उभे राहिले आणि हाताची बोटं वर केली. नियम असा की आधी बोटं किती ते ओरडायचं, मग शूट. पप्पांना स्पॅनिश येत नव्हतं, इंग्लिश दोघांचंही बेताचंच. म्हणून आकडे मराठीत ठरले.

रोज अकरा वाजता. माझ्या मीटिंगमध्ये बाहेरून "तीन!" आणि धाड. "च्यार!" आणि धाड. माझ्या मॅनेजरने विचारलं, कोण ओरडतंय? मी म्हटलं, शेजारी.

उन्हाळ्यात लीग परत सुरू झाली. रिकामं स्टेडियम, आम्ही स्ट्रीमवर. दुसऱ्याच मॅचमध्ये कीपर पुढे आला, संत्याने मान वर केली, बघितलं आणि बॉल अलगद त्याच्या डोक्यावरून टाकला.

पप्पा असे ओरडले की मला वाटलं पडले.

त्या वर्षी त्याने पाच गोल केले. पण मला गोलपेक्षा दुसरंच आठवतं. रिकाम्या मैदानात प्रत्येक शब्द ऐकू यायचा. तीन गोल खाऊन टीम झोपली की एकट्या संत्याचा आवाज. कीपरच्या हातून सोपा बॉल निसटला, कुणी त्याच्याकडे बघेना, तर हा अख्खं मैदान पळत मागे गेला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "ग्रँड, ग्रँड." स्वतःची नोकरी टांगणीला होती तेव्हाची गोष्ट आहे ही. मला नसतं जमलं.

नोव्हेंबरमध्ये एके दिवशी कुंपणापाशी कागद नाचवत आला. नवा करार!

पप्पा आत गेले आणि माझी केशरी ओढणी घेऊन आले. कोल्हापुरात मॅच जिंकून देणाऱ्याला फेटा बांधतात. बांधणारा समोर उभा राहतो, डोकं धरतो आणि घट्ट बांधतो. पप्पांनी हाताने खूण केली. संत्याला काय कळलं कोण जाणे, पण तो कुंपणावरून वाकून उभा राहिला.

मी मध्ये पडले. "पप्पा, नाही. सत्तरी ओलांडलीय, शुगर आहे. तो टीमबरोबर सगळीकडे फिरतो. दोन मीटर लांब."

पप्पा थांबले. ओढणी कुंपणापलीकडे टाकली आणि स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळत त्याला दाखवायला लागले. संत्याने गुंडाळली, ती घसरून नाकावर आली.

"ग्रँड?"

"कसलं ग्रँड! गाठोडं झालंय निस्तं. ऱ्हाऊ दे. पुढच्या येळी आलो की मीच बांधतो."

डिसेंबरमध्ये पप्पा परत गेले. यंदा संत्याने सात गोल केले. प्रत्येक गोलची क्लिप मला पाठवायचा, खाली एकच शब्द, "पप्पा". मी पुढे पाठवायचे. येत्या एप्रिलचं पप्पांचं तिकीट आम्ही बघत होतो.

दुपारी कोल्हापूरला फोन केला. सांगितलं.

मागे टीव्हीचा आवाज येत होता. पप्पांनी तो बंद केला.

"यंदा किती केलं म्हणालीस?"

"सात." त्यांना माहीत होतं.

सकाळपासून जे मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "पप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला अडवायला नको होतं."

"आगं, तू अडवलंस म्हणून मी थांबलो व्हय? आजवर कधी कुणाचं ऐकलंय मी? मीच भ्यालो बाळा. पोरगं वाकून हुबं हुतं, आन् मी भ्यालो."

 आम्ही दोघं फोन धरून रडलो.

सांतियागो, टॅलातल्या तुझ्या शेजारणीचा आणि कोल्हापूरच्या तुझ्या कोचचा तुला शेवटचा नमस्कार. फार सुंदर खेळलास.