मेहुण्याने सरकवलेला मुहूर्त

माझ्या धाकट्या मेहुण्याइतका आलेखावर जीव टाकणारा माणूस साऱ्या कोकणात झाला नसेल. दाढीचं पातं किती दिवस चाललं, विहिरीचं पाणी कुठवर आलं, सगळ्याची तो रेघ काढी. मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेला की कोळणी एकमेकींना सांगत, "आला गं रेघवाला, भाव नीट सांग!" एकदा तापाने फणफणला असताना त्याने स्वतःच्याच तापाचा आलेख डॉक्टरांपुढे धरला. "उद्या दुपारी उतरेल," म्हणाला. आणि उतरला.

आमच्या परसातलं हापूसचं कलम त्याने आमच्या मुलीच्या बारशाला लावलं होतं. "हिच्या लग्नात याच झाडाचा आमरस," असं तेव्हाच चारचौघांत बोलून बसला होता. लग्न ठरलं मेच्या सुरुवातीला, आणि नेमकी त्या वर्षी थंडी रेंगाळत आली. मोहर उशिरा. मेहुण्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

त्याच्या कचेरीत नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्या खोलीत देवळात जावं तसं चपला काढून जायचं. साहेबांना विचारून त्याने आमच्या परसातली कैक वर्षांची थंडी आणि आंब्यांची तोड आठवड्यांप्रमाणे त्यात भरली. पडद्यावर दोन उंचवटे उमटले, थंडीचा डावीकडे, तोडीचा पार उजवीकडे. मग तो थंडीच्या आकड्यांच्या उभ्या रकान्यात वरून एकेक रिकामं घर घालू लागला. एक घर घातलं की थंडीचा उंचवटा आठवडाभर उजवीकडे सरके. सरकत सरकत तो तोडीच्या उंचवट्यावर नेमका जाऊन बसला! यंदाची थंडी तेवढीच सरकवल्यावर तोड निघाली लग्नानंतर.

"भावोजी, तिसऱ्या आठवड्यातला मुहूर्त घ्या," छापील कागद नाचवत तो आला.

बायकोने कागद पाहिला. "अरे शहाण्या, तोडलेला आंबा आढीत पिकायला नको? की झाडावरून थेट वाटीत?"

तो तसाच कचेरीत पळाला आणि आणखी एक रिकामं घर घालून आला. आता उरला मोसमातला शेवटचा मुहूर्त.

मुलाचे वडील देवरूखचे. ते चमकले. "आंब्यासाठी लग्न पुढे? मुलगी तयार नाही का?"

"मुलगी तयार आहे हो," मेहुणा म्हणाला, "आंबा तयार नाही."

ते इतके हसले की नाही म्हणायचंच विसरले.

लग्नाच्या सकाळी आढी उघडली आणि वासाने मांडव भरला. एक फळ कच्चं नाही, एक उतरलेलं नाही. चौथी वाटी पुढे करत व्याही म्हणाले, "मामा, जिंकलात!" पंगतीत मेहुणा असा मिरवत होता की नवरदेव कोण, असा प्रश्न पडावा.

संध्याकाळी वरातीची गाडी देवरूखच्या रस्त्याला लागली. ज्या हाताने भाचीला बोहल्यावर नेलं, तो हात कलमाच्या बुंध्यावर ठेवून मेहुणा उभा होता.

"भावोजी, अजून दोन-चार रिकामी घरं घातली असती, तर..."

पुढे मुहूर्तच नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. एरवी मी कुणाच्या आकड्यातली चूक सोडत नाही. त्या संध्याकाळी मात्र सोडली.