डॉक्टरच्या आवाजातल्या गोळ्या

आमच्या तळा गावातल्या दाताच्या डॉक्टरांचा आवाज मला डॉक्टरांपेक्षा बरा जमायचा. नाकातून बोलायचं, दर वाक्याआधी एक "अंऽ" लावायचा, झालं काम. बाबांच्या हिरड्या सुजल्या की मी मेडिकलवाल्याला फोन लावायचो, "अंऽ, त्यांना पाच दिवसांचा कोर्स द्या." तो द्यायचा. फोन ठेवला की बाबा सुजलेला गाल धरून हसायचे.

बाबा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतात. वरचे पुढचे दात त्याच्यावर टेकवून फुंकावं लागतं. काशीदला रिसॉर्टवर लग्नाची सुपारी असली की दवाखान्यात बसायला कोणाला वेळ? दोन दिवसांत सूज उतरली की गोळ्या बंद, उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात, पुढच्या सुजेला. मी अलिबागला लॅबमध्ये लागलो, गोळ्या अर्धवट सोडू नका म्हणून लोकांना सांगायला लागलो, तरी आमचा डबा तसाच.

यंदा वरचे दात हलायला लागले. हिरडी दाबली की पू. डॉक्टरांनी आतून सगळं साफ केलं, तरी थांबेना. आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, त्यांनी विचारलं. बाबा माझ्याकडे बघून हसले. मला काय हसू येईना. मग त्यांनी कागदाच्या बारीक टोकाने हिरडीच्या आतला नमुना घेतला. म्हणाले, एखादं औषध लागू पडलं तर दात टिकवायला बघू, नाहीतर काढायचे. नमुना एसटीने मीच आमच्या लॅबला नेला.

हे जंतू हवा लागली की मरतात, म्हणून ते वाढवायची प्लेट हवा काढलेल्या डब्यात ठेवतात. प्लेटवर औषधांच्या छोट्या टिकल्या लावायच्या. औषध चाललं तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. पाचव्या दिवशी उघडली. एकाही टिकलीला रिंगण नाही. मी फोनवर मागवायचो त्या औषधाच्या टिकलीला तर जंतू अगदी खेटून बसलेले. लॅबच्या साहेबांनी परत करायला लावलं. परत तेच.

घरी गेलो तर बाबा क्लॅरिनेट पुसत बसलेले.

"डॉक्टरच्या आवाजात सांग," म्हणाले. "जरा हसू तरी."

मी "अंऽ" केलं. पुढे काही येईना.

"दात काढायला लागतील, बाबा."

"पुढचे?"

"पुढचेच."

त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसून पेटीत ठेवला, पेटी पलंगाखाली सरकवली.

"आज न्हाय जमला तुला आवाज," म्हणाले.