विसरलेल्या बाईची सुटी पानं

शनिवारी दुपारी मी कार्डिफच्या एका छोट्या चॅपलमध्ये स्टेजवर बसले होते... ऐकणाऱ्यांत नाही, स्टेजवर! मी सांगतेय आणि सूनबाई टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बढाई सगळी माझी.

माझी नात मुक्ता पियानो वाजवते. तिची आणि तिच्या मैत्रिणीची, व्हायोलिन वाजवणाऱ्या कॅरिसची, कॉन्सर्ट होती. चाळीसच खुर्च्या, माइक नाही. आपल्याकडे घरगुती बैठक असते ना, तशी.

कार्यक्रमात दोन संगीतकार. एक पुरुष, जगभर नावाजलेला, आणि दुसरी त्याच काळातली एक बाई, जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही. रोमँटिक काळ म्हणतात त्याला, दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे माझ्याहून थोडेसेच मोठे...

त्या पुरुषाचं संगीत टॅब्लेटवर. पायानं पेडल दाबलं की पान पुढे. बाईचं मात्र कधी कुणी छापलंच नाही. तिच्या हस्ताक्षराच्या फोटोकॉपी, मोठाली पुसट सुटी पानं, स्क्रीनवर धड दिसेनात म्हणून कागदच ठेवलेले. आणि ते सरकवायला येणाऱ्या मुलीची ट्रेन ऐन वेळी कॅन्सल.

कॅरिस म्हणाली, बाईचा पीस आज ड्रॉप करू या. मुक्ताचा चेहरा उतरला. आठ महिने खपली होती पोर त्याच्यावर. "परत एकदा तिलाच काढायचं?" एवढंच बोलली.

पुढच्या रांगेतले एक रिटायर्ड म्युझिक टीचर मदतीला उठले. मुक्तानं त्यांना गोड बोलून खाली बसवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी, तू माझा पान सरकवशील?"

"माझं पान," मी म्हटलं. "आणि मला अजून मराठीतला अ येत नाही. हे मुंग्यांचं वारूळ कुठून वाचू?"

"म्हणूनच तू. त्यात इतकी खाडाखोड आहे की वाचणारा गोंधळून आपल्या मनानं भलतीकडेच सरकवणार. तू फक्त माझी मान बघ. हलली की सरकव."

काही येत नाही म्हणून नेमणूक झालेली मी पहिलीच असेन...

वाजवायला सुरुवात झाली. खिडकीच्या रंगीत काचेतून तिरपं ऊन पियानोवर उतरलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती, अगदी हळू, जणू तीही ऐकतेय. मान हलली, पान सरकलं. पुन्हा मान, पुन्हा पान. मी कुठे आहे हेच विसरले.

आणि मग मान हललीच नाही. मुक्ताचे डोळे अर्धे मिटलेले, ती त्या सुरांत कुठल्या कुठे गेलेली. पुढच्या रांगेतले टीचर खुर्चीच्या कडेवर आले. माझा हात हवेत तसाच.

पण ती जागा माझ्या ओळखीची होती! आठ महिने मी शेजारच्या खोलीत मटार सोलत ऐकत होते. घरी पानं सरकवायला कुणी नाही, त्यामुळे सूर वर चढून तीन पायऱ्या खाली आले की तुटायचे, कागद खसखसायचे, मग गाणं पुढे. सूर वर चढले... एक, दोन, तीन पायऱ्या उतरले... मी पान सरकवलं.

गाणं तुटलं नाही. वाहत पुढे गेलं. इतके दिवस तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं ते आज पहिल्यांदा सलग ऐकलं, आणि माझे डोळे भरून आले.

शेवटचा सूर विरताच मुक्तानं घाबरत, हळूच विचारलं, "आजी, मी मान हलवली होती ना?"

"हलवली होतीस की," मी म्हटलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे बिनधास्त सांगतेय.

लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. त्या दोघी वाकल्या, तशी मीही हात जोडून वाकले... त्या बाईच्या वतीनं. तिच्या वाट्याचा नमस्कार करायला मिळाला, हे माझं भाग्य.